फावल्या वेळाचा खेळाडू आणि बारमाही खेळ

“आठवड्यांतून चार-पांच तासांची सवड सांपडते. तेवढ्यावर हा खेळ धरणें शहाणपणाचें होईल काय?” असा प्रश्न आमच्या परिचयांतील नोकरीपेशाचीं माणसें अलीकडे आम्हांस विचारूं लागलीं आहेत. विचारणारीं कोणी शाळकरी पोरें नव्हेत. एक बँकेंत आहेत, एक दवाखाना चालवितात, एक बाई तर महाविद्यालयांत गणित शिकवितात. प्रश्न ज्यांच्याविषयीं आहे ते खेळ म्हणजे, हजारों माणसें एकाच वेळीं एका कल्पित देशांत वावरून महाजालावर जे भूमिकांचे खेळ खेळतात ते. ‘ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम’ हें त्यांचें इंग्रजी नांवच आतां घरोघर झालें आहे. पेन्शनींत निघालेल्या मास्तराला ह्यांतलें काय कळतें, असें कोणी म्हणेल. परंतु आमचा जन्म वेळापत्रकें आंखण्यांत गेला, आणि हा प्रश्न मुळांत वेळापत्रकाचाच आहे.

ज्या वाचकांनीं हे खेळ पाहिले नसतील त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. खेळणारा एक पात्र घेतो, कोणी योद्ध्याचें, कोणी वैद्याचें, कोणी मांत्रिकाचें. आणि पराक्रम करीत करीत त्या पात्राच्या पायऱ्या, म्हणजे ‘लेव्हल’, चढत जातो. पत्त्यांचा डाव संपतो, बुद्धिबळाचा राजा मात होतो. येथें शेवटचा डाव असा नाहींच. आपण यंत्र बंद करून निजलों तरी तो देश जागाच असतो. ह्या कल्पनेचा आरंभ १९७८ सालीं इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल ह्या दोन विद्यार्थ्यांनीं केला. त्यांच्या देशांत चित्र एकहि नव्हतें, सारें कांहीं शब्दांत. १९९९ च्या मार्चमध्यें अमेरिकेंत ‘एव्हरक्वेस्ट’ निघाला, तो मात्र चित्रांचा आणि मोठ्या कडक शिस्तीचा. तेथें पात्र मेलें म्हणजे मिळविलेला अनुभव कांहीं अंशीं जाई, प्रसंगीं चढलेली पायरीहि खालीं येई, आणि अंगावरचीं शस्त्रें-चिलखतें प्रेतापाशींच पडून राहत. तीं आणावयास पुन्हां त्याच राक्षसांच्या गुहेंत जावें लागे. रात्रीं दहा मिनिटें राहिलीं असतां मरण आलें, तर त्या दहा मिनिटांचे दोन तास होत. निक यी ह्या अभ्यासकानें अशा खेळांच्या सुमारें तीस हजार खेळाडूंची पाहणी केली; तींत आठवड्याची सरासरी २२ तास निघाली, आणि वयाची सरासरी २६ वर्षें. बावीस तास म्हणजे कचेरीचे जवळजवळ तीन दिवस झाले.

हा आंकडा ऐकून घरांतील वडील मंडळी कपाळाला हात लावतात. आमच्या मतें मात्र तासांची बेरीज हें माप फसवें आहे. रोज रात्रीं दूरदर्शनच्या पडद्यापुढें बसणाऱ्या सभ्य गृहस्थाची बेरीज केली तर ती फारशी मागें पडणार नाहीं. खरा भेद वेळाच्या जातीचा आहे. वेळ दोन प्रकारचा असतो, सुटा आणि बंदा. ताटें मांडीपर्यंतचीं वीस मिनिटें, मूल निजल्यावरचा अर्धा तास, आगगाडींतला पाऊण तास, हा सुटा वेळ. आणि कोणीहि हांक न मारतां सलग मिळणारे तीन तास, हा बंदा रुपया. फावल्या वेळाच्या खेळाडूजवळ सुट्या पैशांची पुरचुंडी असते. ती एकंदरींत बंद्या रुपयापेक्षां जड भरेलहि, पण कांहीं दुकानें मोड घेतच नाहींत. तेव्हां विचारावयाचें तें हें कीं, हा खेळ सुटे पैसे घेतो काय?

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ह्या वर्गांतला सर्वांत नांवाजलेला खेळ. कॅलिफोर्नियांतील ब्लिझर्ड कंपनीनें तो २००४ च्या नोव्हेंबरांत आणला आणि २०१० च्या शरदांत त्याचे वर्गणीदार एक कोटी वीस लाखांवर गेले. तो जनतेसाठीं उघडण्यापूर्वींच्या चांचणींतली एक गोष्ट आम्हांस फार बोधप्रद वाटते. माणसानें अखंड बसून राहूं नये म्हणून कर्त्यांनीं नियम केला कीं, कांहीं वेळ खेळल्यावर मिळणारा अनुभव निम्मा व्हावा. खेळाडू संतापले; आम्हांस शिक्षा कां, म्हणूं लागले. तेव्हां कर्त्यांनीं आंकडे तेच ठेवून नुसतीं नांवें बदललीं. पूर्वींच्या शंभराला दोनशें म्हटलें आणि पन्नासाला शंभर. पायऱ्यांची किंमतहि दुप्पट केली. आतां दंड गेला आणि विश्रांतीचें बक्षीस आलें, व तेच लोक खूष झाले! वर्गांत उशिरा येणाऱ्यास छडी मारण्याऐवजीं वेळेवर येणाऱ्यास गुण देणारा मास्तर हेंच करीत असतो.

तें बक्षीस अजूनहि चालू आहे. खेळांतल्या धर्मशाळेंत पात्र ठेवून आपण निघून गेलों, तर आठ तासांस एका पायरीचा विसावा भाग ह्या हिशेबानें विश्रांति सांठत जाते, ती दीड पायरीपर्यंत. आणि परत आल्यावर तेवढ्यापुरता शत्रूंस मारून मिळणारा अनुभव दुप्पट होतो. म्हणजे दहा दिवस खेळाकडे न फिरकणाऱ्याचें नांव वहींत लाल शाईनें लिहिलें जात नाहीं, उलट त्याच्या खात्यावर कांहीं जमा असतें. पायऱ्या चढण्याच्या भागापुरता हा खेळ सुटे पैसे घेतो, असें निःसंशय म्हणतां येईल.

पण वरची पायरी गांठली कीं दुकान बदलतें. तेथें ‘रेड’ म्हणजे मोहिमा सुरू होतात. आरंभींच्या मोठ्या मोहिमांस चाळीस माणसें लागत. चाळीस माणसें एकाच रात्रीं, एकाच घटकेला, आपापल्या घरीं यंत्रापुढें हजर पाहिजेत. कोणी ढाल होऊन पुढें, कोणी वैद्य होऊन मागें, आणि तीन-चार तास कोणीं उठावयाचें नाहीं. आपल्याकडे पंगतींतून मध्येंच उठूं नये असा जो दंडक आहे, तोच येथें. फरक इतकाच कीं पंगतींत एखादा उठला तर बाकीच्यांचें जेवण अडत नाहीं, आणि येथें वैद्य उठला कीं उरलेले एकूणचाळीस मरतात. पराक्रमानंतर लूट म्हणून दोन-तीन वस्तु पडत, आणि मागणारे चाळीस! म्हणून ‘गिल्ड’ म्हणजे खेळाडूंच्या कायमच्या मंडळ्या हजेरीपट ठेवीत, हजेरीचे गुण मांडीत आणि त्या गुणांवर वांटणी करीत. ज्या पटापासून माणसें शाळा संपवून सुटलीं, तोच पट त्यांनीं करमणुकीसाठीं पुन्हां आपल्या गळ्यांत घालून घ्यावा, ह्याचें आम्हांस अद्यापि नवल वाटतें.

म्हणूनच ‘जरा बंद कर आणि ये’ असें घरांतून म्हटलें असतां मुलगा चिडतो, तें केवळ हट्टानें नव्हे. त्याचा वेळ यंत्राला दिलेला नसतो, माणसांना दिलेला असतो, आणि दिलेला शब्द मोडण्याची त्याला लाज वाटते. ही लाज चांगली आहे. प्रश्न एवढाच कीं शब्द देण्यापूर्वीं त्यानें तो वेळ आपला आहे काय हें पाहिलें होतें काय.

येथें एका गोष्टीचा स्पष्ट उल्लेख केल्यावांचून आम्हांस पुढें जाववत नाहीं. एकत्र कुटुंबांत बंदा वेळ असतो कोणाजवळ? दार लोटून तीन तास बसला तर कॉलेजांतल्या मुलास फार तर दोन शब्द ऐकावे लागतात. कर्ता पुरुष बसला तर कोणी बोलतहि नाहीं. सुनेच्या वेळाची मोड मात्र सर्वांनीं करून न्यावी, ही आमच्या घरांची जुनी रीत. सासऱ्यांचा चहा, मुलाचा अभ्यास, दारावरचा माणूस, दर दहा मिनिटांस एक हांक. वर ज्या गणिताच्या बाई आम्हीं सांगितल्या, त्या दिवसभर महाविद्यालयांत व्याख्यानें देऊन येतात आणि घरीं त्यांच्या वाट्याला अर्ध्या तासाचे तुकडे येतात. त्यांस हा खेळ खेळतां येईल कीं नाहीं, ह्याचें निम्में उत्तर ब्लिझर्ड कंपनीपाशीं आहे; उरलेलें निम्में त्यांच्या घरच्यांपाशीं. आठवड्यांतून एक संध्याकाळ ‘आज वहिनींना हांक मारावयाची नाहीं’ असें घरानें ठरविलें तर कांहीं आभाळ कोसळणार नाहीं. ती वेळ त्यांनीं खेळांत घालवावी कीं वाचनांत, हें ठरविण्यास त्या समर्थ आहेत.

अतिरेकाचीं उदाहरणें हवीं तितकीं आहेत. ह्याच खेळांत २००५ व २००६ सालीं एक मानाच्या पदव्यांची शर्यत होती. तींत आपला आठवड्याचा पराक्रम दुसऱ्यांच्या पराक्रमाशीं ताडून पदवी मिळे, आणि थांबला तो घसरला; एकाच पात्रास दोघे-तिघे पाळीपाळीनें रात्रंदिवस खेळवीत. २००६ च्या डिसेंबरांत ती पद्धत बंद झाली. जपानी ‘फायनल फँटसी इलेव्हन’ ह्या खेळांत तर २००८ च्या ऑगस्टांत एक मंडळी एकाच राक्षसाशीं अठरा तासांहून अधिक लढली, आणि माणसें आजारी पडूं लागलीं तेव्हां राक्षस जिवंतच ठेवून उठली. कंपनीनें मग त्या लढाईस दोन तासांची मर्यादा घातली. संस्कृतांत ‘व्यसन’ शब्दांत ‘अस्’ म्हणजे फेंकणें हा धातु आहे. ह्या अठरा तासांस तो तंतोतंत लागू पडतो.

सरकारी बंधनांविषयीं थोडक्यांत सांगतों. दक्षिण कोरियानें २०११ पासून सोळा वर्षांखालील मुलांस मध्यरात्र ते पहांटे सहा खेळबंदी केली होती, ती २०२२ च्या आरंभीं उठली. चीननें २०२१ पासून अल्पवयीनांस शुक्रवार, शनिवार, रविवार व सुटीच्या दिवशीं रात्रीं आठ ते नऊ एवढाच तास दिला. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं मान्य केलेल्या रोगांच्या वर्गीकरणांत खेळाच्या विकृतीस जागा मिळाली. परंतु तेथें तासांची संख्या दिलेली नाहीं. ताबा सुटणें, इतर सर्व कामांहून खेळ वर चढणें आणि नुकसान दिसत असूनहि तें साधारणपणें वर्षभर चालू राहणें, अशीं लक्षणें दिलीं आहेत. आमच्या म्हणण्यास ह्यानें पुष्टीच मिळते.

कंपन्यांनींहि फावल्या वेळाच्या गिऱ्हाइकाची कदर केली आहे. चाळीसांच्या मोहिमा २००७ सालीं पंचवीस व दहांवर आल्या; २००६ सालीं फारच थोड्यांस सर झालेला एक किल्ला २००८ सालीं दहा माणसांच्या बेताचा करून पुन्हां उभारला गेला; आणि २०११ अखेर अनोळखी माणसें यंत्रानेंच गोळा करून मोहीम लावून देण्याची सोय झाली. ‘गिल्ड वॉर्स टू’ मध्यें महिन्याची वर्गणी नाहीं, आणि २०१२ पासून सर्वांत वरची पायरी ऐंशींचीच राहिली आहे. वर्षभरानें परतणाऱ्याची तलवार तेथें बोथट झालेली नसते. आइसलंडांत २००३ सालीं निघालेल्या ‘इव्ह ऑनलाइन’ मध्यें पात्राचा विद्याभ्यास खऱ्या घड्याळावर चालतो, आपण कचेरींत असलों तरी. टपालानें बुद्धिबळ खेळणारे पत्रावर एक चाल लिहून पाठवीत आणि आठ दिवस आपल्या कामाला लागत, त्याची आम्हांस आठवण होते. अर्थात् त्याच खेळांत २०१४ च्या जानेवारींत सुमारें एकवीस तासांची लढाईहि झाली. दुकान एक, पण गल्ले दोन.

ह्या सोयींनीं कांहींच गेलें नाहीं असें मात्र नाहीं. यंत्रानें जमविलेल्या सोबत्यांचें नांव कोणी विचारीत नाहीं, काम झालें कीं जो तो आपल्या वाटेनें जातो. पूर्वीं वाट पाहण्यांत जो वेळ जाई त्यांतच ओळखी होत. म्हणून २०१९ च्या ऑगस्टांत ब्लिझर्डनें तो जुना संथ खेळ ‘क्लासिक’ नांवानें पुन्हां उघडला, तेव्हां त्यासाठीं रांगा लागल्या. नॉर्वेंतील एक तरुण स्नायुक्षयानें खुर्चीला खिळलेला होता. २०१४ सालीं पंचविसाव्या वर्षीं तो वारला. तेव्हां आईबापांस कळलें कीं, मुलगा एकटा आहे असें आपण समजत होतों तो दूरदूरच्या देशांत किती माणसांचा जिवाभावाचा मित्र होता. त्यांतले कांहीं तर अंत्यविधीसहि आले. त्याच्याजवळ बंदा वेळ होता, आणि तो त्यानें योग्य ठिकाणीं खर्च केला असेंच आम्ही म्हणूं.

तेव्हां विचारणारांस आमचें उत्तर असें. खेळ अवश्य धरावा, पण पायऱ्या चढण्याचा व लहान गुहांचा भाग आपला समजावा. ज्यावांचून मोहीम अडते तें ढालीचें किंवा वैद्याचें काम पत्करूं नये. हजेरीपट ठेवणाऱ्या मंडळींत नांव घालूं नये. अशा कितीक मंडळ्या आहेत कीं जेथें आलेल्याचें स्वागत होतें आणि न आलेल्यास कोणी जाब विचारीत नाहीं. महिन्याची वर्गणी, ‘वॉरक्राफ्ट’ला अमेरिकेंत ती पंधरा डॉलर पडते, खाणावळीच्या पैशांसारखी मनास टोंचते, भरले आहेत तर जेवलेंच पाहिजे असें वाटूं लागतें. ज्यांस असें वाटतें त्यांनीं बिनवर्गणीचा खेळ घ्यावा.

आणि घड्याळ पाहावें. युरोपांतील सर्व्हरवर रात्रीं आठची मोहीम म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यांत मध्यरात्र उलटून साडेबारा आणि उन्हाळ्यांत साडेअकरा. कॅलिफोर्नियांत राहणाऱ्या भावाची जेवणानंतरची आठची वेळ, ती पुण्यांतल्या बहिणीची सकाळीं साडेआठ-साडेनऊची, डबे भरण्याची. तिकडची शनिवारची रात्र आणि इकडची रविवारची सकाळ एवढीच दोघांची सामाईक सवड. आणि तेवढ्यांत पांच जणांची एक गुहा सहज होते.