येवढ्याशा लेकराले तीन सुया कायले?

माझा धाकटा भाऊ सात महिन्यांचा असताना गेला. ताप, खोकला, मग पोट उडायला लागले. गुरुकुंज मोझरीतल्या आमच्या वस्तीत ‘नजर लागली’ एवढेच निदान झाले; न्यूमोनिया हा शब्द मला पुढे कॉलेजात भेटला. परवा बहिणीच्या दीड महिन्याच्या मुलाला लसीकरणाला नेले, तेव्हा माय म्हणाली, ‘येवढ्याशा लेकराले तीन सुया कायले रे?’ प्रश्न अडाणी नाही. आपल्या कार्यकर्त्याला त्याचे उत्तर देता आले पाहिजे.

तान्ह्यांचा न्यूमोनिया आणि मेंदूज्वर यांत दोन जंतू विशेष घातक : न्यूमोकोकस आणि हिब. दोघांच्याही अंगावर साखरेच्या साखळ्यांचे कवच असते. दोन वर्षांखालच्या मुलाच्या शरीराला हे कवच नीट ओळखता येत नाही, म्हणून जंतूंचे फावते. शास्त्रज्ञांनी कवचाचा तुकडा एका प्रथिनाला जोडला. प्रथिन तान्ह्या शरीराला ओळखता येते. त्याच्या जोडीने कवचही ओळखीचे होते. सारी करामत या जोडणीत आहे. अमेरिकेत १९९० नंतर लहान मुलांतला हिबचा गंभीर आजार ९९ टक्क्यांनी घटला. तिथेच २००० साली न्यूमोकोकसची लस आली, आणि ती न घेतलेल्या म्हाताऱ्यांतही तो आजार कमी झाला. कारण नातवाच्या घशातच जंतू राहिला नाही.

आता आपला हिशेब. पैसेवाल्यांची मुले एका मात्रेला काही हजार मोजून खाजगी दवाखान्यात ही लस कधीची घेत होती. सरकारी कार्यक्रमात हिबची लस डिसेंबर २०११ मध्ये केरळ-तामिळनाडूत सुरू झाली. न्यूमोकोकसची महाराष्ट्रात आली २०२१ साली. जिथे चुलीचा धूर, एका खोलीत सात माणसे आणि अर्धपोटी लेकरे, तिथेच हा रोग मारतो आणि तिथेच लस शेवटी पोचली. याला नुसता उशीर म्हणायला मी तयार नाही.

न्यूमोकोकसची लस आता मोफत आहे : सहावा आठवडा, चौदावा आठवडा, नववा महिना. आमच्या वस्तीत चुकते ती नवव्या महिन्याची. तोवर माय निंदणाला जाऊ लागलेली असते. सुईचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी, आणि रात्री ताप आला तर दुसरीही.

लशीने सगळे न्यूमोनिया थांबत नाहीत, विषाणूंचेही असतात. गावातल्या शिकवलेल्या कार्यकर्त्यांनी न्यूमोनिया ओळखून औषध दिले तर बालमृत्यू घटतात, हे अभय व राणी बंग यांनी १९९० साली गडचिरोलीच्या अनुभवातून दाखवले. बाळ शांत असताना मिनिटभर श्वास मोजावेत. दोन महिन्यांखाली ६०, वर्षाखाली ५०, पाच वर्षांखाली ४० किंवा जास्त भरले, अथवा छाती आत ओढली गेली, तर नजर उतरवत न बसता दवाखाना गाठावा. मायने शाळा पाहिली नाही, पण मजुरीचे हिशेब ती तोंडी करते. श्वास मोजायला ती एका संध्याकाळी शिकली.