उंदीर सोफ्यासाठी येत नाही

होळी झाली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम आटोपतो. दिवाळीपासून गावोगाव फिरलेले पडदे, कपडे, सोफे, पलंग पावसाळाभर बंद खोल्यांत राहतात. या नाटकांचं केंद्र असलेल्या वडशातल्या घरांतही तसंच. बैल गेले, कोठ्याचं गॅरेज झालं. गाडीच्या मागे जुना दिवाण आणि कपाट रचलेलं. दिवाळीला पाहावं तर रेक्झिन फाटलेलं, फोमचा चुरा आणि लेंड्यांचा उग्र वास. मग जो तो उपाय सांगतो, आणि त्यातले बरेच उपाय चुकीच्या समजुतीवर उभे असतात.

पहिली समजूत म्हणजे उंदीर लाकूड खातो, म्हणून सागवान घ्यावं. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, हे खरं. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला मात्र लागते. उंदराला साग काय नि बाभूळ काय! त्याचे पुढचे दात जन्मभर वाढतात, म्हणून तो कुरतडतच राहतो. फोम नि कापूस तो घरट्यासाठी ओढून नेतो. पोट भरतो ते धान्यावर, आणि आपला मुलूख धानाचा. धानाची पोती, कोंडा, तणस, वाळलेली मोहफुलं सोफ्याच्याच छताखाली असतील तर उंदराला जेवण आणि बिछाना एकाच जागी मिळतो. आधी धान्य दुसरीकडे हलवा, नाहीतर पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या कोठीत ठेवा. हे न करता केलेला बाकी खर्च वाया जातो, असं माझं स्पष्ट मत आहे.

शटर लावलं म्हणजे खोली बंद झाली, असंही नाही. घरातल्या लहान उंदराचं पिल्लू शिसपेन्सिल जाईल एवढ्या, म्हणजे सुमारे 6 मिलिमीटरच्या फटीतून आत शिरतं. मोठ्या उंदराला 12 मिलिमीटर पुरतात. पत्र्याच्या नाळ्या भिंतीवर टेकतात तिथल्या पोकळ्या, कवेलूंच्या सांदी, वायरीची भोकं, शटरखालची फट हे त्याचे खरे दरवाजे. नुसता कापड-कागद कोंबून काही होत नाही. भोकात भांडी घासायची तारेची घासणी दाबून वर सिमेंट लावा, मोठ्या जागी बारीक लोखंडी जाळी ठोका, दाराखाली पत्र्याची पट्टी बसवा. सामान भिंतीपासून हातभर दूर आणि विटांवर उंच ठेवा, म्हणजे लेंड्या लगेच दिसतात.

विष खाल्लं की उंदीर पाणी प्यायला बाहेर जातो आणि तिथंच मरतो, हे कित्येकजण ठामपणे सांगतात. तसं होत नाही. ब्रोमॅडिओलोनच्या वडीनं रक्त गोठत नाही आणि उंदीर काही दिवसांनी मरतो, बहुधा बिळात किंवा सोफ्याच्या पोटातच. तो खाणारं घुबड किंवा मांजरही दगावू शकतं. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर घरात आणूच नका. माणसाच्या पोटात गेली तर तिच्यावर उतारा नाही. पिंजरा बरा. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पिंजरा काही दिवस उघडाच ठेवून आत भाजलेले शेंगदाणे किंवा सुकट ठेवावी, मग खटका लावावा.

डांबराच्या गोळ्यांनी उंदीर हटत नाहीत. त्यातल्या नॅप्थॅलीननं जी6पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांच्या, विशेषतः तान्ह्या बाळांच्या, तांबड्या पेशी फुटतात. ध्वनिलहरींच्या यंत्रांबाबत अमेरिकेच्या व्यापार आयोगानं 2001 मध्येच उत्पादकांना पुराव्याविना दावे करू नका असं बजावलं होतं. मांजराचाही भरवसा नको. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कमधल्या अभ्यासात, कॅमेरे लावून 79 दिवस पाहिल्यावर मांजरांनी मारलेले मोठे उंदीर दोनच निघाले. चिचुंद्री मात्र उंदीर नाही. ती झुरळं नि किडे खाते, तिला मारू नका.

साप येतो तो उंदराच्या मागं. फिनाईल शिंपडून त्याला थांबवता येतं, याला भक्कम पुरावा नाही. धामण बिनविषारी, पण नाग, मण्यारही याच सांदीत दडतात. म्हणून सामान हलवताना आधी बॅटरीच्या उजेडात पाहा, हात थेट घालू नका.

आणि लेंड्या कोरड्या झाडू नका. हातमोजे, मास्क घाला, ब्लीचिंगचं पाणी शिंपडून थोडा वेळ थांबा, मग ओल्या फडक्यानं पुसून घ्या. उंदरांबरोबर आजारही येतात. 2018 मध्ये पूर्व विदर्भात स्क्रब टायफस या तापानं माणसं दगावली. तो उंदरांवर पोसणाऱ्या बारीक गोचिडासारख्या किड्यांच्या अळ्यांच्या चाव्यानं होतो. साफसफाईनंतर आठ-पंधरा दिवसांत ताप आला, अंगावर काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना सफाई केल्याचं आवर्जून सांगा. वेळेवर डॉक्सिसायक्लिन मिळालं की रुग्ण बहुधा बरा होतो.