पुण्याला समुद्र नाही, पण अरबी समुद्रावरचा पहारा पुण्यातून व्हायचा! गोष्ट ६ नंबर स्क्वाड्रनची आणि भंगारातून उठलेल्या बॉम्बर्सची

लोहगावच्या धावपट्टीवरून उडालेलं विमान नैऋत्येला वळलं की आधी सिंहगड येतो. मग समोर राजगड-तोरणा, डाव्या हाताला भाटघर धरणाचं पाणी. वेल्ह्याचे डोंगर संपले की जमीन एकदम खाली कोसळते, कोकण सुरू होतं आणि मग समुद्र. सरळ रेषेत हे अंतर साधारण १०० ते ११५ किलोमीटर. चार इंजिनांच्या जुन्या बॉम्बर विमानालाही त्यासाठी वीस-पंचवीस मिनिटं पुरायची.

हे गणित मांडायचं कारण म्हणजे पुण्यात समुद्र नसला, तरी भारतीय हवाई दलाची एक स्क्वाड्रन कित्येक वर्षं पुण्यात बसून अरबी समुद्रावर नजर ठेवत होती. तिचं नाव नंबर ६ स्क्वाड्रन, टोपणनाव 'ड्रॅगन्स'. तिच्याकडची विमानंही साधीसुधी नव्हती. परत कुणाला उडवता येऊ नयेत म्हणून जी मुद्दाम फोडून टाकली होती, तीच विमानं दुरुस्त करून या स्क्वाड्रनने वापरली. तीही थेट १९६८ पर्यंत.

सुरुवात झाली तिरुचिरापल्लीत

१९४२ हे वर्ष भारतासाठी धास्तीचं होतं. जपानने ब्रह्मदेश घेतला होता. एप्रिलमध्ये विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर जपानी बॉम्ब पडले. युद्ध दारात आलं होतं आणि भारतीय हवाई दल अजून लहान होतं. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या या दलाकडे युद्ध सुरू झालं तेव्हा जेमतेम एक स्क्वाड्रन होती. मग नव्या स्क्वाड्रन उभ्या करायचा सपाटा सुरू झाला. त्यातली सहावी १ डिसेंबर १९४२ ला तिरुचिरापल्लीत उभी राहिली. विमानं होती हरिकेन. कमांडर होते स्क्वाड्रन लीडर मेहर सिंग, ज्यांना हवाई दलात सगळे 'बाबा' म्हणायचे.

१९४३ च्या अखेरीस स्क्वाड्रन आराकानच्या आघाडीवर गेली, म्हणजे आजच्या बांगलादेश आणि म्यानमारच्या सीमेवरचा किनारपट्टीचा भाग. तळ होता कॉक्स बझारला. काम होतं टेहळणीचं. शत्रू कुठे आहे, किती आहे, कोणत्या वाटेने सरकतोय, हे जंगलावरून खाली उडत बघायचं, फोटो काढायचे आणि परत येऊन सांगायचं.

ऐकायला हे लढण्यापेक्षा सोपं वाटतं. प्रत्यक्षात उलटं आहे. फोटो घ्यायचा तर विमान सरळ आणि खालून न्यावं लागतं, म्हणजे जमिनीवरच्या तोफांना आयतंच निशाण. वर जपानी लढाऊ विमानं फिरत असायची. १९४० मध्ये इंग्लंडच्या आकाशात नाव कमावलेलं हरिकेन १९४३ पर्यंत जुनं झालं होतं. म्हणून वैमानिक जोडीने जायचे. एक जण खाली जमीन बघणार, दुसरा मागे-पुढे तिरपा उडत आकाश बघणार आणि जोडीदाराची पाठ राखणार.

फेब्रुवारी १९४४ मध्ये जपान्यांनी आराकानात ब्रिटिश-भारतीय फौजांना वेढलं, तेव्हा खालच्या सेनापतींना या जोड्यांनी आणलेल्या माहितीचा मोठा आधार होता. चौदाव्या सैन्याचे सेनापती विल्यम स्लिम यांनी युद्धानंतर लिहिलेल्या आठवणींतही या स्क्वाड्रनचं कौतुक आलं आहे. 'चौदाव्या सैन्याचे डोळे' ही ओळख तिला चिकटली ती तेव्हापासून. मेहर सिंग यांना १९४४ मध्ये डीएसओ मिळाला. दुसऱ्या महायुद्धात हा सन्मान मिळालेले ते भारतीय हवाई दलाचे एकमेव वैमानिक.

फाळणी झाली आणि स्क्वाड्रनच गेली

युद्ध संपलं, विमानं बदलली. १९४७ च्या सुमारास स्क्वाड्रन डकोटा या वाहतुकीच्या विमानांवर आली होती आणि तळ होता कराचीत. मग फाळणी झाली. खुर्च्या-टेबलांपासून रेल्वे इंजिनांपर्यंत सगळ्याची वाटणी झाली, तशी हवाई दलाचीही झाली. या स्क्वाड्रनची डकोटा विमानं पाकिस्तानच्या वाट्याला गेली. भारतात '६' हा आकडा काही वर्षं रिकामाच राहिला. गंमत म्हणजे पाकिस्ताननेही डकोटांची तुकडी ६ नंबरनेच चालवली, म्हणजे एका मुळाच्या दोन शाखा दोन देशांत.

इथे एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. स्क्वाड्रन म्हणजे विमानं नव्हेत आणि ठराविक माणसंही नव्हेत. दोन्ही बदलत राहतात. स्क्वाड्रन म्हणजे नंबर, चिन्ह आणि तिची परंपरा. विमानं नसतील तेव्हा नंबर बाजूला काढून ठेवतात आणि नवी विमानं आली की तोच नंबर पुन्हा देतात. ड्रॅगन्सचंही तेच झालं.

मेहर सिंग मात्र तेव्हा वेगळ्याच कामात होते. काश्मीरच्या युद्धात वेढलेल्या पूँछमध्ये त्यांनी डकोटा उतरवलं. मे १९४८ मध्ये जनरल थिमय्यांना सोबत घेऊन लेहला पहिलं विमान उतरवलं, तेही तिथे धड विमानतळ नसताना. त्यांना महावीर चक्र मिळालं. मार्च १९४९ मध्ये दिल्लीजवळ विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

कानपूरचं स्मशान

आता या गोष्टीतला सगळ्यात भारी भाग.

युद्धात अमेरिकेने ब्रिटनला हजारो विमानं 'लेंड-लीज' कराराखाली दिली होती. थोडक्यात, वापरायला. युद्ध संपल्यावर ती परत करा, विकत घ्या किंवा नष्ट करा, असा हिशोब होता. ब्रिटनकडे विकत घ्यायला पैसे नव्हते आणि अमेरिकेला ती परत नको होती, तिथे आधीच ढीग लागले होते. मग उरला तिसरा पर्याय.

भारतात ब्रिटिश हवाई दलाकडे बी-२४ लिबरेटर नावाची अवजड अमेरिकी बॉम्बर विमानं होती. चार इंजिनं, पंखांची लांबी ३३ मीटरच्या वर. ही विमानं कानपूरच्या चकेरी तळावर आणून उभी केली आणि मोडीत काढली. काहींवर ट्रक घातले, काहींची उपकरणं हातोड्यांनी फोडली, इंजिनांत वाळू ओतली, असं सांगितलं जातं. ब्रिटिश गेले आणि सांगाडे उन्हापावसात पडून राहिले.

१९४७-४८ मध्ये भारताची स्थिती काय होती? काश्मीरमध्ये युद्ध चालू, तिजोरी रिकामी आणि हवाई दलाकडे एकही अवजड बॉम्बर नाही. विकत घ्यायचे तर परकीय चलन हवं आणि विकणाराही तयार हवा. अशा वेळी कुणीतरी कानपूरच्या त्या ढिगाकडे बघितलं.

ही कल्पना वेडगळ वाटली तरी त्यामागे एक भक्कम कारण होतं आणि ते बंगळुरूत होतं. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये तिथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी उभारली होती. युद्धाच्या काळात ती अमेरिकी हवाई दलाचं दुरुस्ती केंद्र बनली. म्हणजे अमेरिकी विमानं उघडणं, इंजिनं उतरवणं आणि पुन्हा जोडणं, ही सवय तिथल्या कामगारांच्या हाताला आधीच होती. 'जुगाड' म्हणून ही गोष्ट सांगितली जाते, पण खरं तर त्या कारागिरांच्या शिक्षणाचं हे फळ होतं.

अडचण एकच होती. विमानं कानपूरला आणि कारखाना बंगळुरूला. ३३ मीटरचं विमान बैलगाडीत घालून नेता येत नाही. मग कानपूरलाच विमानं उडण्यापुरती दुरुस्त करायची आणि बंगळुरूला उडवत न्यायची, असं ठरलं. या ढिगातला एक सुटा भाग, त्या ढिगातली एक नळी, असं करत एकेक सांगाडा उभा केला. ती उडवायची जबाबदारी घेतली कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी. दीड हजार किलोमीटरच्या आसपासचा प्रवास, खाली विंध्य आणि दख्खन आणि हातात असं विमान, ज्याचं कुठलं इंजिन कधी रुसेल याची खात्री नाही. मुन्शींनी हे एकदा नाही, पुन्हा पुन्हा केलं. बंगळुरूत मग खरी डागडुजी व्हायची. अशी चाळीसच्या आसपास लिबरेटर विमानं भारतीय हवाई दलाला मिळाली.

नोव्हेंबर १९४८ मध्ये कानपूरला ५ नंबरची स्क्वाड्रन या विमानांवर उभी राहिली. आणि जानेवारी १९५१ मध्ये पुण्यात ६ नंबर स्क्वाड्रन पुन्हा जिवंत झाली.

पुण्यातच का आणि समुद्रावरच का?

लोहगावचा तळ १९३९ मधला, मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी उभारलेला. अवजड विमानांना पुरेल अशी धावपट्टी आणि जागा होती. किनाऱ्यापासून थोडा आत असल्यामुळे तो तुलनेने सुरक्षितही होता.

आणि लिबरेटर हे मुळात लांब पल्ल्याचं विमान. युद्धात अटलांटिक महासागराच्या मधोमध एक पट्टा असा होता, जिथे कुठल्याच तळावरून विमान पोहोचत नव्हतं. तिथे जर्मन पाणबुड्या मोकाट होत्या. १९४३ मध्ये ती पोकळी भरून काढली ती लिबरेटरनेच. त्यामुळे ड्रॅगन्सना बॉम्बर मिळाले तरी काम दिलं गेलं समुद्री टेहळणीचं. आराकानच्या जंगलावर जे केलं, तेच आता पाण्यावर करायचं: तासन्‌तास उडायचं, बघायचं, येऊन सांगायचं. कंटाळवाणं काम आहे. सिनेमा यावर निघत नाही.

त्या वेळचं पश्चिम किनाऱ्याचं चित्र आठवा. गोवा, दमण, दीव पोर्तुगीजांकडे, वर कराची आणि भारतीय नौदलाकडे जमिनीवरून उडणारी लांब पल्ल्याची विमानंच नाहीत. नौदलाचे समुद्रावरचे डोळे हवाई दलाने सांभाळायचे, अशी ती व्यवस्था होती.

१९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ आली आणि जुनी सुपर कॉन्स्टेलेशन प्रवासी विमानं रिकामी झाली. ती हवाई दलाकडे आली आणि त्यातली बहुतेक याच स्क्वाड्रनला मिळाली. काल लंडनचे प्रवासी नेणारं विमान आज लाटांवर जहाजं मोजू लागलं! पुढची काही वर्षं लिबरेटर आणि कॉन्स्टेलेशन लोहगावात शेजारी शेजारी होती. लिबरेटर अखेर ३१ डिसेंबर १९६८ ला निवृत्त झाली. लष्करी सेवेतली ती जगातली शेवटची लिबरेटर मानली जातात.

मग वाद झाला

समुद्रावर नजर ठेवणारी विमानं हवाई दलाकडे असावीत की नौदलाकडे? हा प्रश्न बरीच वर्षं धुमसत होता. नौदलाचं म्हणणं सरळ होतं: जहाजं आमची, पाणबुडीचा धोका आम्हाला, मग विमानंही आमच्या हुकमात हवीत. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी हँगोरने आयएनएस खुकरी बुडवली, त्यानंतर तर या मागणीची धार वाढणारच होती. नौदलाचं म्हणणं रास्तच होतं. पहारा देणारा एका खात्याचा आणि मार खाणारा दुसऱ्या, हे फार काळ चालत नाही.

१९७६ मध्ये निर्णय झाला. पुण्याची कॉन्स्टेलेशन विमानं नौदलाला दिली गेली आणि १८ नोव्हेंबर १९७६ ला गोव्यात दाबोळीला आयएनएएस ३१२ ही तुकडी सुरू झाली. हीच ती दाबोळी, जिथल्या धावपट्टीवर १८ डिसेंबर १९६१ ला पुण्याहून गेलेल्या १२ कॅनबेरा विमानांनी बॉम्ब टाकले होते.

ड्रॅगन्सकडून पहारा गेला, समुद्र नाही गेला. त्यांना कॅनबेरा मिळाली आणि १९८० च्या दशकात जॅग्वार. हे जॅग्वार नेहमीचं नव्हे. त्याच्या नाकात जहाज शोधणारं रडार आणि पोटाखाली सी ईगल हे जहाजविरोधी क्षेपणास्त्र. आता नुसतं बघायचं नाही, बुडवायचंही. पुढे स्क्वाड्रन पुण्याहून गुजरातमध्ये जामनगरला गेली आणि सी ईगलच्या जागी हार्पून आलं. जॅग्वार आज जगात फक्त भारतच उडवतो, त्यामुळे सुटे भाग मिळवणं हा पुन्हा एकदा डोकेदुखीचा विषय आहे. स्क्वाड्रनला त्याचा अनुभव जुना आहे म्हणा.

ती विमानं गेली कुठे?

युद्धात अमेरिकेने अठरा हजारांहून जास्त लिबरेटर बनवली. युद्धानंतर तिथे जवळपास सगळी वितळवली. त्यामुळे पुढे संग्रहालयांना एखादं हवंसं वाटलं, तेव्हा अख्खं विमान मिळण्याची जागा म्हणजे भारत. १९६९ मध्ये अमेरिकेच्या ॲरिझोनातल्या पिमा संग्रहालयासाठी एक लिबरेटर पुण्याहून उडवत नेलं गेलं. कॅनडाने एक घेतलं आणि बदल्यात भारताला लायसँडर हे जुनं विमान दिलं. १९७४ मध्ये एक ब्रिटनला भेट म्हणून गेलं. ब्रिटिश हवाई दलातच कामाला असलेलं, कानपूरला टाकून दिलेलं आणि नंतर ६ नंबर स्क्वाड्रनने उडवलेलं हे विमान आता रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयात आहे. ज्यांनी मोडीत काढलं, त्यांनीच ते जपून ठेवलंय. अमेरिकेतलं 'विचक्राफ्ट' नावाचं लिबरेटर, जे अलीकडच्या काळापर्यंत हवाई प्रदर्शनांत उडत होतं, तेही भारतीय हवाई दलातूनच गेलेलं.

भारताने एक स्वतःकडे ठेवलं. दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात ते बघायला मिळतं आणि कॅनडाहून आलेलं लायसँडरही तिथेच आहे.