क्लॅविकॉर्डचं ध्वनिमुद्रण
क्लॅविकॉर्ड हे पियानोच्या आधीचं, टेबलावर मावणाऱ्या आयताकृती खोक्यातलं वाद्य. पट्टी दाबली की तिच्या दुसऱ्या टोकाची पितळी पाती खालून तारेला भिडते आणि पट्टी सोडेपर्यंत तिथेच टेकून राहते. त्यामुळे बोटाचा दाब कमीजास्त करून वादकाला स्वर डोलवता येतो. जर्मनीत याला ‘बेबुंग’ म्हणत. हार्पसिकॉर्ड या पट्ट्यांच्याच दुसऱ्या जुन्या वाद्यावर हे जमत नाही. वादकाची खरी पारख क्लॅविकॉर्डवरच होते, असं संगीतकार कार्ल फिलिप इमॅन्युएल बाख यांनी १७५३च्या आपल्या ग्रंथात म्हटलं आहे.

अडचण आहे आवाजाची. तो इतका नाजूक की शेजारच्या गप्पांतही बुडून जातो. मायक्रोफोन जवळ लावला तर पट्ट्यांची खटखट, वादकाचा श्वास, बाकाची करकर सगळंच टिपलं जातं. लांब ठेवला तर रस्त्यावरची वाहतूक वाद्यावर मात करते. म्हणून अगदी शांत खोली आणि स्वतःची खरखर नगण्य असलेले मायक्रोफोन लागतात. तरीही वादक राल्फ कर्कपॅट्रिक यांनी योहान सेबास्टियन बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लॅव्हिअर’ या रचनासंग्रहाचे दोन्ही भाग याच वाद्यावर ध्वनिमुद्रित केले.

असं ध्वनिमुद्रण ऐकताना आवाज मुद्दाम कमी ठेवावा. वाढवला की खटखटही वाढते आणि वाद्य नसतं तेवढं दणदणीत वाटू लागतं.