आवाज वाढवला की रिसीव्हर बंद का पडतो?

घरातलं ध्वनितंत्र : भाग ९

मागच्या भागात स्पीकर कुठे मांडायचे ते पाहिलं. आता एक नेहमीची तक्रार. सिनेमा रंगात आलेला, आवाज थोडा वाढवला, आणि रिसीव्हर खट्कन बंद! पुन्हा चालू केला तर चालतो, आवाज वाढवला की परत तेच. रिसीव्हर स्कूटरवर घालून दुरुस्तीसाठी पुण्यातली तपकीर गल्ली गाठण्याआधी घरच्या घरी थोडा तपास करा. बऱ्याचदा दोष पेटीच्या बाहेर सापडतो.

रिसीव्हरमध्ये प्रोटेक्शन सर्किट असतं. स्पीकरकडे प्रमाणाबाहेर करंट जाऊ लागला किंवा आतलं तापमान फार वाढलं, की ते आउटपुट तोडतं. आवाज १० डेसिबलने वाढवायचा तर दहापट पॉवर लागते, म्हणून बटण जरासं फिरवलं तरी अँप्लिफायरवरचा ताण एकदम चढतो. त्यात स्पीकरचा रोध महत्त्वाचा. २० व्होल्टला ८ ओहमचा स्पीकर अडीच अँपिअर घेतो, ४ ओहमचा पाच. एकाच टर्मिनलला ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर रिसीव्हरला तो ४ ओहमचाच भार वाटतो. हॉलमधल्या जोडीवरच बाल्कनीतले स्पीकर चढवले असतील तर संशय आधी तिथे घ्या.

रिसीव्हर नेमका कधी बंद पडतो, यावरून कारणाचा माग लागतो.

स्फोटाच्या किंवा ढोलाच्या ठोक्याला तत्क्षणी बंद पडत असेल, तर करंट जास्त जातोय. टर्मिनलपाशी तांब्याची एखादी बारीक तार सुटून शेजारच्या टर्मिनलला टेकली आहे का, ते बघा. पीओपीच्या छतातून नेलेली वायर स्क्रूखाली चिरडलेलीही असू शकते.

अर्ध्या-पाऊण तासाने बंद पडत असेल, तर उष्णता. आपल्याकडे रिसीव्हर टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात कोंबतात आणि वर सेट-टॉप बॉक्स ठेवतात. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा त्या कप्प्यातली हवा आणखी तापते. रिसीव्हर उघड्यावर ठेवा, वरच्या जाळीवर काही ठेवू नका, धूळ काढा.

मोठ्या आवाजाबरोबर खोलीतले दिवेही मंदावत असतील, तर वीजपुरवठा तपासा. एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर सगळी उपकरणं लावली असतील तर रिसीव्हरची पिन थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा. तरीही दिवे मंदावले तर वायरमनला बोलवा.

यातून उलगडा झाला नाही, तर पिन काढून स्पीकरच्या सगळ्या वायरी सोडवा. मग रिसीव्हर चालू करून आवाज वाढवा. तरीही बंद पडला, तर दोष आत आहे. टिकला, तर आवाज कमी करून रिसीव्हर बंद करा आणि एकेक स्पीकर जोडून तपासा. प्रत्येक जोडणीआधी पिन काढायची. ज्या स्पीकरला रिसीव्हर बंद पडेल, तो किंवा त्याची वायर दोषी. साध्या मल्टिमीटरवर ८ ओहमचा स्पीकर साधारण सहा-सात ओहम दाखवतो. शून्याजवळ आकडा आला तर शॉर्ट समजा.

सगळं ठीक निघालं तरी एक सेटिंग बदलून पाहा. मेनूमध्ये स्पीकर ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झला ठेवा. खर्जाचं ओझं स्वतःचा अँप्लिफायर असलेल्या सबवूफरकडे जातं आणि रिसीव्हर मोकळा होतो.

दोष आतच असेल, तर मात्र झाकण उघडू नका. पिन काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ चार्ज राहतो. ते काम जाणकार मेकॅनिकचं. त्याच्याकडे जाताना रिसीव्हर कधी, किती वेळाने आणि कोणत्या स्पीकरला बंद पडतो हे लिहून न्या. तपासाचा वेळ वाचेल.

पुढच्या भागात : सबवूफरची घूं घूं आणि अर्थिंग.