रंगांचे रसायन : डॉ. बाळ दत्तात्रेय टिळक

पंढरपुरात विठ्ठलमंदिराभोवतीच्या पेठेत कुंकू, बुक्का आणि हळद यांच्या राशी मांडलेल्या असतात. जुने कुंकू हळदीचेच. हळदीला चुना लागताच ती लाल होते, हे प्रत्येक गृहिणी जाणते. ती का होते, हे सेंद्रिय रसायनशास्त्र सांगते. हळदीतील कर्क्युमिन हा पिवळा घटक चुन्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाच्या संगतीत आपले रूप पालटतो. आता बाजारात कृत्रिम रंगाचे कुंकूही येते आणि त्यांतील काही रंगांनी कपाळाच्या त्वचेस अपाय होतो. पुडीत कोणता रंग आहे, हा प्रश्न म्हणूनच घेणाऱ्याइतकाच विकणाऱ्याचाही आहे.

या रंगशास्त्रात ज्या महाराष्ट्रीय संशोधकाने आयुष्य वेचले, ते डॉ. बाळ दत्तात्रेय टिळक. नामसाधर्म्यामुळे लोकमान्यांचे स्मरण होते खरे, पण लोकमान्य ते बाळ गंगाधर. डॉ. टिळकांचा जन्म १९१८ सालचा, कारंजा येथील. त्या काळी आपल्या गिरण्यांचे कापड येथे विणले जाई, रंग मात्र जर्मनी आणि इंग्लंडमधून येत. १८९७ मध्ये जर्मनीतून कृत्रिम नीळ बाजारात आली आणि हिंदुस्थानातील निळीची शेती पाहता पाहता संपली. प्रयोगशाळेतील एक शोध दूरच्या शेतकऱ्याचे आणि व्यापाऱ्याचे घर कसे बसवतो, याचे इतके बोलके उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

याला उत्तर देणारी माणसे मुंबईत घडत होती. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू केला आणि पुढे तो माटुंग्यास स्थिरावला. तेथे डॉ. के. वेंकटरामन यांनी रंगरसायनाची परंपरा उभी केली. टिळक याच परंपरेतले. ऑक्सफर्डला सर रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली संशोधन करून ते परतले आणि त्याच विभागात अध्यापन करू लागले. गंधकाचा अणू सामावणारी वलयाकार संयुगे हा त्यांचा खास विषय. थायोइंडिगोसारखे सुती कापडाचे पक्के रंग याच कुळातले. अशी वलये जोडण्याची त्यांची रीत रसायनशास्त्रात त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९६३ मध्ये त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

उद्योगही जागा होत होता. अहमदाबादचे जैन गिरणीमालक कस्तुरभाई लालभाई यांनी वलसाडजवळ उभारलेल्या ‘अतुल’ या रंगांच्या कारखान्याचे उद्घाटन १९५२ मध्ये पंडित नेहरूंनी केले. भांडवल आले, कारखाना आला; कृती मात्र बाहेरून विकत घ्यावी लागे. ही उणीव भरून काढणे हे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे काम होते. वेंकटरामन हे तिचे पहिले भारतीय संचालक. १९६६ मध्ये त्यांच्या जागी टिळक आले आणि १९७८ पर्यंत राहिले. परकीय चलनाच्या टंचाईचा तो काळ. आयात रसायनांना देशी पर्याय शोधणे आणि शोधलेली कृती कारखान्यात चालेल इतकी पक्की करणे, यावर त्यांचा भर होता. काचपात्रात साधलेली क्रिया टनाच्या हिशेबात बिघडते. मालाचा खर्च, उष्णता, उरलेला गाळ, सारेच आड येते. शोधनिबंधाने मान मिळतो, या खटपटीने क्वचितच. तरीही १९७२ मध्ये त्यांना पद्मभूषण लाभले.

एवढ्या मोठ्या संस्थेचे प्रमुखपद सोडल्यावर अनेकजण कंपन्यांचे सल्लागार होतात. टिळकांनी ‘कॅस्टफोर्ड’ ही संस्था स्थापली आणि १९९९ मध्ये निधन होण्यापूर्वीच्या वर्षांत विज्ञान व तंत्रज्ञान खेड्यांपर्यंत नेण्याचे काम हाती घेतले.