एका लेकरासाठी अख्खी व्हायल

गोवर-रुबेलाची लस कोरड्या पावडरीच्या रूपात येते. सोबतच्या डायल्युएंटमध्ये ती विरघळवली की चार तासांत वापरायची, उरली तर टाकून द्यायची. एका व्हायलमध्ये पाच किंवा दहा डोस असतात. मग या लशीसाठी एकच लेकरू आलं तर?

पुणे जिल्ह्यातल्या एका अंगणवाडीत लसीकरणाच्या दिवशी मी नेमकं हेच पाहिलं. ऊसतोड टोळीतली एक बाई नऊ महिने उलटलेल्या मुलीला घेऊन आली होती. आशाताईंनीच तिला कोप्यांवरून, म्हणजे टोळीच्या झोपड्यांवरून, बोलावून आणलं होतं. लसीकरणाचं कार्ड बीडला, घरी राहिलेलं.

"अजून दोघं-चौघं येतात का बघू?" आशाताईंनी विचारलं.

"नको. उद्या टोळी हलली तर ही पोर कुठं सापडायची?" लस टोचणाऱ्या सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी व्हायलच्या टोपणावरचा चौकोन आधी निरखला. तो भोवतालच्या वर्तुळाहून फिका होता, म्हणजे लशीला उष्णता बाधलेली नव्हती. डायल्युएंटही कॅरिअरमधलंच, थंड. कोमट डायल्युएंटने लशीतला जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू मरतो आणि टोचूनही उपयोग होत नाही. व्हायलवर पेनाने वेळ लिहिली. मग उजव्या दंडाची कातडी चिमटीत धरून तिरपी सुई, अर्धा मिलिलीटर लस. मुलीने टाहो फोडला तोवर सुई हब कटरमध्ये तुटलीही होती.

एका मुलासाठीसुद्धा व्हायल उघडावी, हा सरकारी नियमच आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. फेकलेल्या डोसांचा हिशेब मांडणाऱ्यांनी 2022 मधली गोवंडी आठवावी. त्या वर्षीच्या गोवराच्या साथीत मुंबईत मुलं दगावली आणि लागण झालेल्यांत लस न घेतलेली मुलं पुष्कळ होती. गालगुंडाची लस मात्र सरकारी कार्यक्रमात अजून नाही. त्यासाठी खासगी दवाखान्यात एमएमआर घ्यावी लागते. कोपीतल्या आईला ते कुठून परवडणार?

मायलेकींना अर्धा तास बसवून घेतलं. आठवडा-दहा दिवसांनी ताप किंवा बारीक पुरळ आलं तर घाबरू नका, असं सांगून सिस्टरांनी नवं कार्ड भरलं. "दुसरा डोस सोळाव्या महिन्यानंतर. तेव्हा तुम्ही गावाकडं असाल. तिथल्या सिस्टरना हेच कार्ड दाखवा," म्हणत त्यांनी त्यावर बीडमधल्या गावाचं नाव लिहिलं आणि आशाताईंना विचारलं, "कोप्यांवर अजून किती लेकरं आहेत?"